उंटकटारीवरची छत्री

श्रावणातला पहिला शनिवार, संध्याकाळी साडेपाचची वेळ. आंबेनळी घाटाच्या पायथ्याला आमचं गाव, तिथल्या घराच्या पडवीत एका कुंडीत रुपये पाच पुरण्यात आले. एकच नाणं होतं. हजर होते काकू, मी, शेजारचा बाळू रिक्षावाला आणि उंटकटारी. उंटकटारी हे झाड आहे. काकूने तिला हजर मंडळींत धरलं होतं, म्हणून मीही धरतो.

त्या वेळी झाडाच्या डोक्यावर छत्री उघडी होती. वर कौलं, कौलांखाली प्लास्टिकचा कागद, आणि कागदाखाली ही काळी छत्री, पडवीच्या खांबाला सुतळीने बांधलेली. काकू स्वतः मात्र कधी छत्री घेऊन बाहेर पडली नाही. दुकानात जाताना डोक्यावर गोणपाट घ्यायची आणि भिजून यायची. छत्री घरातच लागायची. "काकू, छपराखाली छत्री कशाला?" असं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "छप्पर तुमच्या कोकणातलं हाय. त्येचा काय भरवसा? पावसाला आतनं सामील आसंल."

काकू म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको. सगळा गाव तिला घाटकाकू म्हणायचा, कारण ती घाटावरची, तीही थेट माणातली, जिथे ढग नुसते बघून जातात. लग्न करून ती आंबेनळी उतरली तेव्हा पाऊस लागलेला होता. दोन दिवसांत थांबेल, मग सामान आत घेऊ, असं तिचं म्हणणं पडलं. काका सांगायचे की तिची पत्र्याची पेटी दिवाळीपर्यंत उघडली गेली नाही. पुढे चाळीसहून जास्त पावसाळे इथे काढूनही तिने पाऊस मान्य केला नाही. गावातल्या बायका तिला "गो काकू" म्हणायच्या, ती त्यांना "गं" म्हणायची, आणि रोज सकाळी दारात येऊन विचारायची, "आजून गेला न्हाई व्हय?" कोणी पाहुणा मुक्काम ठोकून बसावा तसं ती पावसाबद्दल विचारायची.

उंटकटारी ही तिच्या माहेरची. उजाड माळावर, मुरमाड बांधावर आपोआप येते. अंगभर काटे, पानांच्या पोटाला पांढरी लव, आणि लिंबाएवढा गोल गोंडा, त्यात निळसर पांढरी बारीक फुलं. उंटाशिवाय तिला कोणी तोंड लावत नाही, म्हणून हे नाव. जिला पाणी जास्त झालं की मूळ कुजतं, असं झाड काकूने पोलादपूर तालुक्यात लावायला घेतलं होतं.

त्यासाठी तिने पडवीच्या कोपऱ्यात माण तालुका उभा केला. भावाकडून गोणीभर मुरूम एसटीने आणवला. वर शंभरचा पिवळा दिवा लावला, तो सूर्य. बाजूला माझा जुना टेबलफॅन, तो माळावरचा वारा. वीजबिल मी भरायचो, त्यामुळे सूर्य महिन्याला कितीला पडतो हे मला ठाऊक होतं. मी तसं बोलून दाखवलं. काकू म्हणाली, "वरच्या सूर्याचं बिल कुणी भरलंय का तुज्या घरात? मग एक तरी भर."

झाडाशी ती बोलायची. मुलीला माहेरची खुशाली सांगावी तसं तिला दुष्काळ सांगायची. भावाला फोन लावून बातम्या घ्यायची आणि कुंडीजवळ बसून म्हणायची, "औंदा बी पानी न्हाई बाई. हिरी आटल्या. टँकर चालू झाला. काळजी करू नगंस." बाहेर पागोळ्यांचा इतका आवाज असायचा की शेजारच्याला हाक ऐकू जात नसे. त्या आवाजाचं काय, असं बाळूने विचारलं. काकूने त्याला गप्प केलं आणि झाडाकडे वळून म्हणाली, "गिरण चालू हाय गं. बाजरी दळत्यात."

मी महाडात, चवदार तळ्यामागच्या गल्लीत राहतो, एका पतपेढीत हिशेब बघतो. आकड्यात नसलेली गोष्ट मला बोलता येत नाही. काका गेल्यावर दर शनिवारी गावी जाऊन काकूकडे बघायचं काम माझ्याकडे आलं. दर शनिवारी मी कौलांकडे बघून म्हणायचो, "पाऊस फार आहे." आणि दर शनिवारी काकू कुंडीवर दोन्ही हात धरून, जणू तिचे कान झाकून, म्हणायची, "गिरण म्हण की रं! तोंड झिजतं का तुजं?"

उंटकटारीचे उपयोग काकूला पुष्कळ ठाऊक होते आणि ते सगळे ती करून बघायची. मुळीची पूड मधातून खोकल्याला. पाल्याचा काढा तापाला. तो इतका कडू असायचा की तापाऐवजी माणूस उठून जायचा. मुळीची पूड बाभळीच्या डिंकात कालवून डोक्याला लावली की उवा मरतात. हा प्रयोग तिने आळीतल्या सगळ्या पोरींवर एकाच रविवारी केला. उवा गेल्या, पण डिंक गेला नाही. त्या आठवड्यात शाळेत आमच्या आळीच्या पोरींच्या वेण्या मागे आडव्या उभ्या राहायच्या. आया भांडायला आल्या. काकू शांतपणे म्हणाली, "उवा हायत का? मग!"

पण मुख्य उपयोग बाळंतपणाचा. बाई अडली की ही मुळी तिच्या केसात बांधायची, म्हणजे सुटका होते. मात्र सुटका झाल्या क्षणी मुळी काढायची. राहिली तर ती थांबत नाही, आतलं सगळंच बाहेर बोलावते. काकूच्या मते हा नियम बाईपुरता नव्हता. "आडलंय त्ये सोडवायचं, येवढंच तिला कळतं. बाई हाय का म्हस हाय का कुलूप, ती बघत न्हाई."

कुलपाचा प्रकार गावात सगळ्यांना ठाऊक आहे. शिमग्याच्या आदल्या दिवशी पालखीत बसवायची देवाची रूपी, म्हणजे मुखवटे, ज्या लोखंडी कपाटात होती, ते उघडेना. किल्ली फिरेना, लोहार दमला. काकूने माहेरून आणलेली जुनी सुकी मुळी कपाटाच्या मुठीला बांधली. थोड्या वेळाने कपाट उघडलं. लोहाराने तेल घातलं होतं हे मी नमूद करतो. पण आनंदात सगळे रूपी घेऊन पळाले आणि मुळी काढायची राहिली. गर्दीत ती कुठे गेली, कळलं नाही. तेव्हापासून ते कपाट बंद होत नाही. नवीन कुलूप लावलं, कडी लावली, तरी दार हळूच पुढे येतं. आता त्याला जातं टेकवून ठेवतात, आणि शिमग्याला जातं हलवायला चार माणसं लागतात.

मुळी गेल्यामुळे काकू दरवर्षी बी पेरू लागली, आणि दरवर्षी आषाढात झाड कुजू लागलं. मला वाटायचं हा नुसता हट्ट आहे. एकदा झाड कुजल्यावर ती कुंडीजवळ बसून राहिली, तेव्हा खरं काय ते कळलं. काका भर आषाढात गेले होते. लाकडं ओली होती. रॉकेल ओतलं, टायर टाकले, वर पत्रे धरले, तरी विस्तव धरेना. "तुजा काका आदी भिजला, मग धुपला, मग कुटं जळला," ती म्हणाली. "माजं तसलं करू नगासा. मला कोरड्यात मरायचंय. जमलं तर माणात न्या. ही हितल्या पावसात जगली, तर मी बी निभावंन आसं मी धरलंय."

मी खरं ते सांगितलं. म्हटलं, "काकू, कधी जायचं ते आपल्या हातात नसतं. आणि घाट वर्षाकाठी बराच काळ बंद असतो."

"तू इतका खरा कसा रं निपजलास? तुज्या आईला आसं न्हवतं."

यंदा झाड जगलं. आषाढ सरला, श्रावण लागला, तरी पानं ताठ होती, आणि दिव्याच्या उजेडात एक गोंडाही आला. इकडे माझ्या लेकीचे दिवस भरत आले होते. काकूने मुळी काढायचं ठरवलं.

मुळी अशी उठून काढत नाहीत. आदल्या संध्याकाळी झाडाला आमंत्रण द्यावं लागतं. कुंडी काकूच्या चुलीपासून चार पावलांवर होती, पण झाडाकडे पाहुण्यासारखं गेलं पाहिजे म्हणून तिने इरकली नेसली, मागच्या दाराने बाहेर पडली, घराला वळसा घालून भिजत पुढच्या दाराने आली आणि जोडे नसताना जोडे काढल्यासारखं केलं. हळदकुंकू, अक्षता, सुपारी ठेवली. "उद्या न्याया येतो. यावं," म्हणाली. मग झाडाचा मान म्हणून सव्वा रुपया मागितला.

मी म्हटलं, "काकू, चार आणे बंद होऊन कैक वर्षं झाली. सव्वा रुपया देता येत नाही."

"मग पाच टाक. चार कामाचं झालं."

हिशेब बरोबर होता. मी पाचाचं नाणं पुरलं. बाळूने विचारलं, "गो काकू, चार कामा कुठली?"

"एक ह्येच्या लेकीचं. दुसरं तुजं लगीन."

बाळू चाळिशीचा. त्याचं लग्न दर वर्षी ठरायचं आणि मुलगी रिक्षात बसली की मोडायचं. तो एकदम खाली बसला. "नाय गो, खराच?"

"तिसरं ह्येच्यासाठी," काकूने माझ्याकडे बोट केलं.

"माझं काय अडलंय?"

"तोंड. गोड काय बी भायेर पडत न्हाई. चौतं मागनं बघू."

दुसऱ्या सकाळी खोदकाम झालं. लोखंड लावायचं नाही, म्हणून बाभळीची खुंटी. बोलायचं नाही. झाडावर सावली पडू द्यायची नाही. काकूच्या मते आमच्या गावाचा हा एकच फायदा होता: "हितं सावली आसती कुटं?" दिवा मालवला, आणि सगळं अंधुक उजेडात उरकलं. मध्येच बाळूच्या फोनने लावणी म्हटली. काकूने नुसतं पाहिलं, आणि बाळूने फोन पाण्याच्या बादलीत टाकला. मुळी बोटभर लांब निघाली. काकूने तिचे चार तुकडे केले. झाड अर्थात गेलं. गोंड्यातलं बी तिने पदराला बांधलं. रिकाम्या कुंडीवरची छत्री मात्र तशीच ठेवली. "नगं काढू, सवय हाय," म्हणाली. कोणाला ते कळलं नाही.

पहिला तुकडा महाडच्या दवाखान्यात माझ्या बायकोने लेकीच्या केसात बांधला. नर्सने तो काढून माझ्या हातात दिला आणि डॉक्टरांनी सिझेरियन केलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. मी काकूला फोनवर सांगितलं की मुळीचा उपयोग झाला नाही. ती म्हणाली, "कसा न्हाई? म्होरलं दार उगडंना, तर तिनं डागदराकडनं खिडकी फोडून घेतली."

दुसरा तुकडा बाळूने रिक्षाच्या हँडलला बांधला. लग्न जमलं नाही. पण अनेक महिने अडकलेला त्याचा रिव्हर्स गिअर सुटला. आनंदात तोही मुळी काढायला विसरला. चार दिवसांनी तो काकूकडे आला. "काकू गो, आता पुढचा पडतच नाय. पोलादपुराहून पाठमोरा आलो." त्याचं गाऱ्हाणं ऐकताना मी तिला शेवटचं मोठ्याने हसताना पाहिलं.

तिसरा तुकडा काकूने माझ्या सदऱ्याच्या खिशात टाकला. मला तो टाकवला नाही आणि बांधवलाही नाही. पेनामागे तसाच राहिला.

श्रावण संपता संपता काकू पडली. महाडला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, वय झालं, घरी न्या. तिने एवढंच विचारलं, "घाट?" आंबेनळीत त्याच आठवड्यात दरड आली होती. रस्ता बंद. ताम्हिणीने फिरून जायचं तर इतका प्रवास तिला झेपणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मी ते तिला सांगितलं, किलोमीटरसकट.

आळीतल्या बायका जमल्या. एक म्हणाली, "जीव अडकलाय गो बिचारीचा. चौथा तुकडा हाय ना? केसात बांधा, सुटेल." मी ओरडणार तेवढ्यात काकूनेच डोळे उघडले. "मला नगं," ती म्हणाली. "मी न्हाई आडले. घाट आडलाय. घाटाला बांद."

आणि मी गेलो. जमाखर्चात एक पैसा इकडचा तिकडे होऊ न देणारा मी, बाळूच्या रिक्षातून, जी तोवर दुरुस्त झाली होती, धो धो पावसात आंबेनळीला मुळी बांधायला गेलो. वर रस्त्यात आडवं लोखंडी बॅरिकेड होतं, पलीकडे लाल मातीचा ढीग आणि त्यावर एक जेसीबी. मी बॅरिकेडला दोऱ्याने मुळी बांधू लागलो. जेसीबीवाला उतरून आला.

"काय करताय, साहेब?"

"मुळी बांधतोय. रस्ता सुटावा म्हणून."

तो वेडा म्हणेल असं वाटलं. त्याने मुळी नीट पाहिली. "मी तीन दिवस ओढतोय. माझ्याच्याने सुटत नाय. बांधा. काही पथ्य?"

"रस्ता सुटला की लगेच काढायची. नाहीतर डोंगर थांबायचा नाही."

"बरोबर हाय," तो म्हणाला आणि पुन्हा वर चढला. संध्याकाळपर्यंत आम्ही थांबलो. रस्ता सुटला नाही.

परत आलो तेव्हा बायकांनी काकूची खाट हलवलेली होती. खोलीत गळत होतं, म्हणून तिला पडवीच्या कोपऱ्यात आणलं होतं, कुंडीला लागून. दिवा चालू होता. फॅन चालू होता. छत्री तिच्या डोक्यावर बरोबर येत होती. सगळ्या घरात तेवढीच जागा कोरडी होती. हात लावला तर उशी ऊन लागत होती.

"उगडला?" तिने विचारलं. डोळे मिटलेले होते.

मी तोंड उघडलं. दरड किती, जेसीबी एक, अंदाजे दोन दिवस, हे सगळं जिभेवर होतं.

"उघडला," मी म्हणालो. "आपण आलो वर. कधीच आलो."

तिने तोंडावरून हात फिरवला. दिव्याची ऊब लागत असावी. "ऊन हाय."

"कडक आहे."

मग सर जोरात आली. कौलं, पागोळ्या, मागचा ओढा, सगळं एकदम वाजायला लागलं. काकूच्या कपाळाला आठी पडली. "ह्ये काय वाजतंय रं?"

"गिरण," मी म्हणालो. "बाजरी दळतायत, काकू. खूप बाजरी झालीय यंदा."

तिची आठी गेली. "लबाड," ती म्हणाली, पण इतक्या समाधानाने म्हणाली की मी पुढे सांगतच गेलो. विहिरी आटल्या आहेत, टँकर आला आहे, धुरळा उडतो आहे, बांधावर सगळीकडे गोंडे फुलले आहेत. आकडा एकही नव्हता. मी थांबलो तेव्हा ती गेली होती. बाळूने माझ्या खिशाकडे बोट दाखवलं. मी तिसरा तुकडा तिथल्या तिथे काढून ठेवला.

लाकडं बाळूने आषाढातच आपल्या माळ्यावर चढवून ठेवली होती. काकूने सांगितलं नव्हतं. दुसऱ्या सकाळी पावसाने दोन तास उघडीप दिली आणि विस्तव पहिल्या काडीला धरला.

तिसऱ्या दिवशी अस्थी, कुंडीतला मुरूम, बाळूने परत केलेला धरून मुळीचे तीन तुकडे आणि पदराची बियांची गाठ घेऊन मी निघालो. आंबेनळीचा रस्ता एका बाजूने सुटला होता. बॅरिकेड कडेला पडलं होतं, मुळी नव्हती. मी जेसीबीवाल्याकडे धावलो. तो म्हणाला, "पहिली गाडी सोडायच्या आधी काढली, साहेब. तुम्ही बोलला होतात ना." त्याने ती चहाच्या ग्लासात, पालथ्या बशीखाली जपून ठेवली होती.

माणात काकूच्या भावाचं रान कोरडं ठणठणीत होतं. बांधावर, माळावर, रस्त्याच्या कडेला, जिथे बघावं तिथे उंटकटारी. काकूने एका झाडासाठी छत्री, सूर्य आणि वारा उभा केला. इथे तिच्या भावाने शेजारच्या वावरातली ती उपटायला मजूर लावले होते. "तण हाय ह्ये, पावणं," तो म्हणाला. "जनावर बी खात न्हाई."

मी कुंडीतला मुरूम बांधावर ओतला, चारही तुकडे त्यात ठेवले आणि बी वर टाकलं. मुरमातून पाचाचं नाणं निघालं. गिअर धरून चार कामं झाली होती, रक्कम तिची होती. एका मोठ्या उंटकटारीच्या बुडाशी मी ते पुरायला वाकलो, तर माझी सावली तिच्यावर पडली. इतक्या महिन्यांत मला सावली पडली नव्हती, त्यामुळे ध्यानात यायला वेळ लागला. मी बाजूला सरकलो, उन्हाकडे तोंड करून बसलो आणि बरोबर आणलेल्या खुंटीने खड्डा केला.

एकूण दिले रुपये पाच. घेणार, उंटकटारी, मुक्काम माण. हजर, मी आणि काकूचा भाऊ. पावती नाही.